दाईने न्हाऊमाखू घातलेले उंदीर

"मी मारले? मी?" सुभगा दाईने पदर खोचला. "या हातांनी राजाला न्हाऊ घातलंय, राजकन्येला न्हाऊ घातलंय. दोघं ठणठणीत आहेत. तुझा मालच नासका."

"नासका असता तर वाटेतच संपला असता, माई. तीन महिने उंटावरून आले ते. मेले इथे आल्यावर."

पूर्वी वेणुपुरात राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक, होऊन जन्माला आला होता, आणि दाईचे भांडण चालले होते ते त्याच्याशी. उत्तरेच्या थंड गवताळ मुलखातून त्याचा तांडा लोकर आणी, आणि सोबत अंगठ्याएवढे उंदीरही आणी. आखूड शेपटीचे, गालांत दाणे साठवणारे. आज लोक ज्यांना हॅमस्टर म्हणतात, त्यांतलीच ही बुटकी जात. सात वर्षांच्या राजकन्या उत्पलेला त्यांचा फार लळा. पण राजवाड्यात आलेला एकही उंदीर चार महिन्यांपुढे टिकला नव्हता. चार गेले होते. पाचवा, मोहरी नावाचा, दाईच्या ओंजळीत मलूल पडला होता, आणि उत्पला रडून सुजलेल्या डोळ्यांनी कधी दाईकडे, कधी सार्थवाहाकडे पाहत होती.

राजाने सार्थवाहाला निरोप धाडला होता: दरसाल दहा जोड्या आण, तांड्याला जकात माफ. म्हणजे जितके मरतील तितकी त्याची चांदी. तांड्यातली माणसे खूश होती. बोधिसत्त्व मात्र आपली टोपली घट्ट झाकून बसला होता.

"उघड ती टोपली," दाई म्हणाली.

"आधी सांग, तू त्यांचं काय काय करतेस?"

सुभगेने मान ताठ केली. तिच्या कामाबद्दल असे आजवर कोणी विचारले नव्हते. "उजाडताच उठवते. कोमट तेलानं अंग चोळते, ऊन पाण्यानं न्हाऊ घालते, ओव्याची धुरी देते. मधात उगाळलेली गुटी चाटवते. मग घट्ट गुंडाळून सगळ्यांना एका पाळण्यात, एकमेकांची ऊब मिळावी म्हणून. सख्खी आई करणार नाही इतकं."

पडद्याआडच्या दासी हसल्या. बोधिसत्त्व हसला नाही.

"माई, मी त्या मुलखात महिनाभर बसून पाहिलंय. ते दिवसभर खोल बिळात झोपतात, तिन्हीसांजेला उठतात. एका बिळात एकच. दोन एकत्र आले की कान तुटेपर्यंत भांडतात. पाण्याच्या वाटेला जात नाहीत, कोरड्या वाळूत लोळतात. गवताचं बी खातात, एखादा किडा. गोड त्यांना सोसत नाही. लघवीला मुंग्या लागतात, आणि जीव वाळत जातो."

पाळण्यातल्या फडक्यावरची मुंग्यांची रांग सुभगेला आठवली. मध सांडला असेल म्हणून ती रोज झटकून टाकत असे. एकाचा कान कुरतडलेला होता, तोही आठवला. पण पडद्याआड कान टवकारलेले होते, आणि चाळीस वर्षांत या राजवाड्यात तिला कोणी चूक दाखवली नव्हती.

"एवढं ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललास?"

"तिथे माझं चुकलं," तो म्हणाला. "विकले गेले, यातच खूश झालो. म्हणून या खेपेला विकायला आलोच नाही."

त्याने टोपली उघडली. आत उंदीर नव्हते. बारीक कोरडी वाळू होती, सुके गवत होते, आणि पळताना पाठ वाकू नये इतके मोठे लाकडी चाक होते.

"आणि जकात?" दाईने विचारले.

"भरीन की."

"मोहरी वाचेल?" उत्पलेने विचारले.

"ते मला सांगता यायचं नाही, बाळ. ते दाईच्या हातात आहे."

दाईने ओंजळीत पाहिले. श्वास चालू होता. मग पडद्याआड स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात ती एक वाक्य बोलली, आणि भांडण तिथेच मिटले.

त्याच संध्याकाळी मोहरी वाळूत लोळला. पंधरवड्याने चाकावर चढला. दोन पावसाळे पाहून, पाठ करडी झाल्यावर, आपल्या बिळात झोपेतच गेला. तोवर उत्पला तिन्हीसांजेला तळहात पसरून न बोलता बसायला शिकली होती. कधी तो हातावर यायचा, कधी नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, मागच्या जन्मीची माणसे या जन्मीच्या माणसांशी जोडून दाखवली. तेव्हाची राजकन्या ती आज विहाराला दूध आणून देणारी गोपकन्या इला. सुभगा दाई ती आजाऱ्यांची सेवा करणारी, आणि त्यांना दटावणारीही, वृद्ध भिक्खुणी रोहिता. सार्थवाह ते स्वतः. फायदा सोडणे ही सार्थवाहाची करुणा खरी. पण शास्त्यांनी त्या दिवशीच्या गुणाचे नाव घेतले ते सत्य, आणि ते दाईचे होते. कारण तिचे वाक्य असे होते:

"मुंग्या मी पाहिल्या होत्या, रोज झटकल्या होत्या, ओत ती वाळू पाळण्यात, आणि मला पहिल्यापासून शिकव."