वहिनींच्या स्कूटरचं सील

निवृत्त फौजदार नलवडेसाहेबांना अख्खं मिरज वचकून असे, दस्तगीर मिस्त्रीही. एक दिवस साहेब आपल्या दिवंगत पत्नीची स्कूटर ढकलत गॅरेजात आले आणि हुकूम सोडला, "इंजिन बांधून दे. पण हिच्यातलं काही म्हणजे काही बदलायचं नाही. सगळं तिचंच राहिलं पाहिजे."

दस्तगीरनं इंजिन खोललं. क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील दगडासारखं कडक झालं होतं आणि कडेनं तेल पाझरत होतं. तेच परत बसवलं, तर सगळी मेहनत चार दिवसांत धुरात जाणार होती. तो सांगायला गेला, तर साहेब कडाडले, "सील बदललंस तर ही तिची राहील का? सांग!"

दस्तगीरनं हात पुसले. याच स्कूटरवर वहिनी पंधरा वर्षं त्याच्या दारात हवा भरायला थांबत. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, भात कशात लावता?"

"तिच्याच कुकरात. आमच्या लग्नातला आहे. का?"

"रिंगपण लग्नातलीच?"

"खुळा आहेस का! रिंग कडक झाली की वाफ जाते. दरवर्षी ती स्वतः बाजारातून नवी..." साहेब मध्येच थांबले.

"तरी कुकर वहिनींचाच ना, साहेब?"

साहेबांनी जुनं कडक सील उचलून बोटांनी दाबून पाहिलं. दस्तगीरनं डब्यातून नवं सील काढलं आणि बसवण्याआधी त्याला लावायला तेलात बोट बुडवलं, तसा साहेबांनी हात पुढे केला.

"आण इकडं. नव्या रिंगला ती तेल कसं लावायची, मला ठाऊक आहे."