खडकामागची टरफले

मुलांनो, ही गोष्ट जुन्या दिवसांतली. तेव्हा नदीकाठच्या एका जंगलात एक म्हातारे कासव राहत असे. सगळे त्याला आजोबा म्हणत. तंटा झाला की जांभळीखाली हरीण, ससा आणि साळिंदर असे तीन पंच बसत. पण पंचांना काही दाखवायचे असेल, तर ते आधी खडकामागे नेऊन एकट्या कासवाला दाखवावे लागे. ते हो म्हणेल तेवढेच पंचांसमोर येई, आणि निवाड्यात मात्र कासव स्वतः तोंड उघडत नसे. किती साधी रीत होती! तो खडक अजून तिथेच आहे. आता त्याच्यामागे कुणी जात नाही, याचे फार वाईट वाटते.

एका उन्हाळ्यात टिटवीची अंडी नाहीशी झाली आणि आळ आला मुंगसावर. गुन्हा शाबीत झाला असता, तर त्याला पिल्लांसह जंगल सोडावे लागले असते, आणि बाहेर माळावर पाण्याचा थेंब नव्हता. तेवढ्यात कावळा तोऱ्यात खडकामागे कासवाकडे आला. या स्वारीला कधी काही टाकवत नसे! आपल्या घरट्यातून त्याने जुनी टरफले शोधून आणली होती. "आजोबा, गेल्या वर्षी पलीकडच्या रानात मुंगसाने लाव्याची अंडी खाल्ली, त्याची ही टरफले. पंचांना दाखवली की झालाच निकाल!"

कासव बराच वेळ टरफलांकडे पाहत राहिले. "खरी आहेत," ते म्हणाले, "पण त्याची शिक्षा मुंगूस तिकडे भोगून आले. टिटवीची अंडी कोणी नेली, हे या टरफलांना काय ठाऊक? राहू देत इथेच."

"म्हणजे चोराला पाठीशी घालता?"

"चोर कोण, ते अजून कळायचे आहे, बाळा."

पंचांपुढे पाहण्यासारखे काहीच आले नाही, म्हणून ते उठून टिटवीच्या घरट्यापाशी गेले. वाळूत शेपूट फरफटल्याची जाड रेघ होती, दोन्ही बाजूंना नखांचे ठसे. रेघेच्या टोकाशी, बिळाच्या तोंडावर, ओठांना बलक लागलेली घोरपड सुस्त पडली होती. मुंगूस सुटले आणि पिल्लांना घेऊन पाण्यावर गेले.

संध्याकाळी सशाने विचारले, "आजोबा, खडकामागे काय होते?" कासवाने सारे सांगितले. सशाने पुन्हा विचारले, "मग आमच्या जागी तुम्ही असता तर?"

कासवाने मान खाली घातली. "टरफले पाहताच माझे मन फिरले होते रे. मी मुंगसाला हाकलून दिले असते. वाळू बघायला उठलोही नसतो."

तात्पर्य : जुना गुन्हा समोर ठेवला, की आजचा पुरावा शोधायला कोणी उठत नाही, म्हणून ज्याने मन कलुषित होते पण आजचे काही सिद्ध होत नाही, ते न्याय करणाऱ्यांपासून दूरच ठेवावे.