राघूसाहेबांची जवळची शाळा

अल्याडच्या शाळेत जागा असताना माझ्या बहिणीला नदीपल्याडची शाळा का दिली? भुऱ्या मुंगूस जंगलात ज्याला त्याला हेच विचारत फिरत होता.

त्या काळी जंगलात वशिला बंद होऊन माध्यमिक शाळेचे प्रवेश संगणकावर आले होते. राघूसाहेबांनी शिकवलेला तो संगणक प्रत्येक पिल्लाला जवळची शाळा देई. जवळची म्हणजे राघूसाहेबांना उडत जायला जवळची. मधली नदी त्याच्या हिशेबातच नव्हती. भुऱ्याची बहीण रिठी पहिल्याच दिवशी नवं दप्तर पाठीला लावून पाण्यात उतरली आणि वाहून गेली.

राघूसाहेब उडत सांत्वनाला आले. "यंत्रणेत काही दोष नाही, बाळ," ते म्हणाले. "उलट चपळाई बघ. रिठीची जागा रिकामी होताच यंत्रणेने ती लगेच दुसऱ्याला दिली."

"कोणाला?"

"सशाच्या धाकट्याला. तोही अल्याडचाच."

भुऱ्या जेमतेम दोन बुकं शिकलेला, वाद घालणं त्याला कुठून जमणार? त्याने झेप घेऊन राघूसाहेबांना धरलं, त्यांच्या पंखांतली उडायची पिसं उपटली आणि त्यांना नदीकाठी नेऊन ठेवलं.

"जवळच आहे, साहेब," तो म्हणाला. "सशाचं पोर निघायच्या आत जरा मोजून या."