भन्तेजींना बसायला जागा

"सगळं आहे, भन्तेजी… तरी कुणाला काही मिळत नाही. असं कसं होतं?"

भन्ते खेमधम्म मान वर करून खोक्यांच्या थप्प्या बघत होते. थप्प्या इतक्या उंच गेल्या होत्या की त्यांची टोकं दिसतच नव्हती. पौषातलं धुकं शटरमधून आत शिरून छपराखाली साचलं होतं. दिवे त्यात पिवळे ठिपके होऊन तरंगत होते.

विचारणारी होती उत्पला गजभिये. नागपूरच्या बाहेर, वर्धा रोडवरच्या या गोदामाची व्यवस्थापक. किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीची विदर्भातली सगळी दुकानं इथूनच भरली जात. चहा, साबण, तेल, आटा, शेवया… ट्रकांनी माल यायचा, प्रत्येक दुकानाच्या वाट्याप्रमाणे जुळायचा आणि टेम्पोंनी गावोगाव जायचा.

उत्पलाला एका गोष्टीचा फार अभिमान. आपल्या गोदामातून 'संपलं' हा शब्द कधी कुणाला ऐकावा लागू नये. त्यापायी तिनं दारात आलेला एकही ट्रक परत पाठवला नव्हता. स्वस्तात मिळालं, घेतलं. कंपनीनं जास्तीचं पाठवलं, उतरवून घेतलं. दिवाळीचं उरलं, ठेवून घेतलं. आधी मांडण्या भरल्या. मग मांडण्यांमधल्या वाटा भरल्या.

मग अंगण भरलं.

अंगण हे हमालांनी ठेवलेलं नाव. शटरांच्या आतली ती मोकळी फरशी. उमरेडच्या दुकानाचा माल एकीकडे, हिंगणघाटचा दुसरीकडे, असा तिथं मांडायचा आणि गाडीत चढवायचा. "नुसती पडून असते एवढी जागा," उत्पला म्हणाली होती. "भरून टाका."

त्यानंतर गोदाम मुकं झालं.

चहा हवा तर तो शेवयांच्या मागे. शेवया काढाव्यात तर त्या ठेवायच्या कुठं? तेल साबणामागे, साबण आट्यामागे. उमरेडचा टेम्पो शटरला पाठ लावून उभा तो उभाच. बाहेर धुक्यात मालाचे ट्रक एकामागे एक, त्यांचे ड्रायव्हर चुली पेटवून बसलेले. इकडे दुकानांतून फोन यायचे… "मॅडम, चहापत्ती नाही. लोक शिव्या देऊन जातात."

भरलेल्या गोदामातून दुकानांना अखेर तोच शब्द ऐकू जात होता.

मुख्य कार्यालयानं निरोप धाडला होता. महिनाअखेरपर्यंत माल हलला नाही तर गोदाम बंद. दुकानांना दुसऱ्या शहरातून माल जाईल. हमालांच्या घरांत त्या निरोपानंतर धड कुणी जेवलं नव्हतं.

मुकादम सुखदेव उईके तेव्हाच म्हणाला होता, "म्याडम, रस्त्यापलीकडच्या विहारातले भन्तेजी बोलावू का? पोरं म्हणतात, संकट टळायला परित्राणपाठ होऊ द्या. भोजनदान आम्ही करतो."

"पाठानं खोकी हलतात का, उईके?"

"नाही हालत जी. पण आपणही कुठं हालवू राहिलो?"

उत्पलाची आई दर पौर्णिमेला त्याच विहारात जायची. भन्तेजींना नाही म्हणणं तिच्या जिभेवर आलं नाही.

आणि आज सकाळी भन्तेजी आले. काठीसारखे सडसडीत, सत्तरी ओलांडलेले. धुक्यातून आधी अंगावरच्या चीवराचा रंग आला, मग माणूस आला. त्यांनी पाठ म्हटला तो दारातच, उभ्यानं. हमालांनी घरून आणलेलं जेवण त्यांच्या भिक्षापात्रात वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, एका घरची तिळाची चटणी.

तेव्हाच उत्पलानं तो प्रश्न विचारला होता.

भन्तेजींनी मान खाली आणली. पात्र दोन्ही हातांत होतं, त्यातून वाफ निघत होती.

"मी बसू कुठं?"

उत्पलाला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं. "भन्तेजी, मी विचारत होते…"

"बसू कुठं, उपासिके?"

भिक्खू उभ्यानं जेवत नाहीत. आणि दुपारचे बारा वाजले की त्या दिवशी पुन्हा घास घेत नाहीत. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"वर माझी केबिन आहे ना. खुर्ची आहे."

"जेवण कुणी आणलं?"

"यांनी. हमालांनी."

"मग यांच्यातच बसीन."

उत्पलानं इकडेतिकडे पाहिलं. एवढं गोदाम, एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला पोचायची नाही. पण मांडी घालून एक माणूस बसेल एवढी फरशी कुठं दिसेना. भन्तेजी उभे होते तीही दोन थप्प्यांमधली चीर होती. तिथं आडवं वळायचं तर खांदा घासत होता.

हमाल एकमेकांकडे बघू लागले. मग सगळे तिच्याकडे.

"ही शेवयांची थप्पी हालवू?" उईकेनं हळूच विचारलं.

"ठेवशील कुठं?"

उईकेनं चारी बाजूंना पाहिलं.

भन्तेजी पात्र धरून उभे. कुणाला घाई करणं नाही, कुणाला दोष देणं नाही. धुकं त्यांच्या पायांशी खेळत होतं…

उत्पलाची नजर शटरकडे गेली. उमरेडचा टेम्पो. त्या दुकानाला शेवया हव्या होत्या, पण चहाशिवाय, तेलाशिवाय, अर्धामुर्धा माल पाठवायचा नाही हा तिचाच नियम. सगळं जुळेल तेव्हाच गाडी हलेल.

"चढवा," ती म्हणाली.

"एकट्या शेवया?"

"चढवा म्हटलं ना."

हातगाडी आली. थप्पी डुलत डुलत टेम्पोत गेली. आणि तिच्या जागी फरशीचा एक चौकोन उघडा पडला. करडा, धुळीचा, एवढासा. उत्पलानं ती फरशी दिवाळीनंतर पाहिली नव्हती.

एकानं पोतं झटकून अंथरलं. भन्तेजी बसले. पात्र मांडीवर घेतलं, झाकण काढलं…

आणि त्यांची नजर शेवयांच्या मागच्या थप्पीवर गेली. बाकीच्यांचीही गेली.

चहा होता तिथं.

तो बाहेर काढायची वाट मात्र एकच, भन्तेजी बसले होते तीच. भन्तेजींनी झाकण लावलं, पोतं काखेत मारलं आणि उठून बाजूला झाले.

चहा निघाला. टेम्पोत गेला. आता रिकामा चौकोन होता तो चहाच्या जागेवर, एक पाऊल आत. भन्तेजी तिथं जाऊन बसले.

आता उजवीकडचा साबण मोकळा झाला होता.

भन्तेजी उठले.

साबणामागे तेल. तेलामागे आटा. उमरेडचा टेम्पो भरला आणि भुर्रकन धुक्यात विरघळला. त्याच्या जागी हिंगणघाटचा लागला. एक थप्पी बाहेर गेली की रिकामा चौकोन तिच्या जागी सरकायचा, आणि पोतं घेऊन भन्तेजी चौकोनाच्या मागे. बसायचे. झाकणाला हात लावायचे. उठायचे.

सुरुवातीला हमाल संकोचले होते. मग हळूहळू त्यांच्या हालचालींना लय आली. कुणी ओरडेना. हातगाड्यांची चाकं तेवढी कुरकुरत होती. साबणाचा वास यायचा, पुढच्या वळणाला चहाचा, मग नव्या आट्याचा, उबदार, जात्यापाशी येतो तसा.

उत्पला मागोमाग चालली होती. ती कुठल्या भागात आहे हे तिला कळेना. आपलंच गोदाम, पण अशा गल्ल्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे कुठंतरी चीवराचा रंग दिसायचा, खोक्यांच्या भिंतीआड जायचा, पुन्हा भलतीकडेच दिसायचा. आपण झोपेत तर नाही ना, असं तिला एकदा वाटलं. वाटलं, की त्या करड्या चौकोनाला जीव आहे आणि तोच भन्तेजींना बोट धरून हिंडवतो आहे. तो जाईल तिथं माल जागा होतो आहे.

तिनं एका खोक्यावर हात टेकला. खोकं निघून गेलं. हात तसाच हवेत राहिला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही…

लांब कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजला.

बाराचा.

सगळे थबकले.

उत्पला धावत गेली. अगदी मागच्या भिंतीपाशी, दिवाळीच्या उरलेल्या मालाशेजारी, भन्तेजी पोत्यावर बसले होते. पात्राला झाकण तसंच. वाफ केव्हाच थांबली होती.

"भन्तेजी… तुम्ही एक घास घेतला नाही."

"वेळ गेली."

"मला सांगायचं होतं. मी काम थांबवलं असतं!"

भन्तेजी हसले. पात्र तिच्यापुढे धरलं.

"हेही चढवा."

तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. बाहेर चुलीपाशी बसलेले ड्रायव्हर, रात्रभर धुक्यात अडकलेले. तिनं पात्र घेतलं. ते हातात जड लागलं, आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या लोकांच्या घरचं अन्न, आणि एक म्हातारा माणूस उद्या सकाळपर्यंत उपाशी.

ती पात्र घेऊन शटरकडे निघाली आणि मध्येच उभी राहिली.

समोर अंगण होतं. सगळं नाही, अर्धंच. पण उघडं. धुकं विरलं होतं, आणि शटरातून आलेलं ऊन त्या फरशीवर पसरलं होतं.

ड्रायव्हरांनी वरणभात वाटून खाल्ला. कुणाच्या घरचा म्हणून विचारलंही नाही.

त्यानंतर उत्पला बदलली, असं हमाल सांगतात. ट्रक येण्याआधी ती फोन करू लागली… "आज नका येऊ. परवा या." पहिल्यांदा हे म्हणताना तिचा आवाज चिरकला होता. दिवाळीचा माल तिनं दुकानांना उतरत्या भावात देऊन टाकला. आहे तेवढं पाठवायचं, उरलेलं उद्या पाठवायचं, असं सुरू झालं. उमरेडला चहा पोचला. हिंगणघाटचे फोन थांबले. महिनाअखेर आली आणि गेली, गोदाम बंद करण्याचं कुणी नाव काढलं नाही.

माघ लागला. उत्पलानं स्वतः विहारात जाऊन भन्तेजींना पुन्हा भोजनाला बोलावलं. यावेळी स्वयंपाक तिच्या घरचा होता. पहाटे उठून तिनं आईच्या हाताखाली पाटवड्या केल्या होत्या.

तिला त्यांना काही दाखवायचंही होतं.

भन्तेजी आले तेव्हा लख्ख ऊन होतं. अंगणात माल येत होता, जुळत होता, जात होता. हमाल हसून नमस्कार करत होते.

आणि अंगणाच्या बरोबर मधोमध एक चौकोन होता. पिवळ्या रंगानं आखलेला. चारी कोपऱ्यांना खांब, खांबांना साखळी. आत धुतलेली पांढरी चटई. साखळीला एक पाटी, सुंदर अक्षरात: 'भन्ते खेमधम्म यांची जागा.'

"त्या दिवशी तुम्हाला इथं बसायला मिळालं नव्हतं," उत्पला म्हणाली. "आता कुणी इथं काडीसुद्धा ठेवत नाही. मी सक्त ताकीद दिली आहे. तुम्ही या, नाहीतर वर्षभर येऊ नका… ही जागा तुमच्याच नावानं राहील."

तिच्या आवाजात जुना अभिमान होता. फक्त आता तो रिकाम्या जागेचा होता.

भन्तेजी साखळीपाशी उभे राहिले. त्यांनी पाटी वाचली. चटईकडे पाहिलं.

तेवढ्यात आट्याची हातगाडी आली. शटरकडे सरळ जायचं होतं, पण मध्ये साखळी. हमालानं गाडी मागे घेतली, खांबाला वळसा घातला, पलीकडून येणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी थांबला, आणि मग पुढे गेला.

भन्तेजी तो जाईपर्यंत बघत राहिले.

मग ते चालत चालत शटराजवळ गेले. तिथून आत्ताच एक थप्पी उचलली होती. खाली खोक्याचा चौकोनी ठसा उरला होता. ते त्यावर मांडी घालून बसले आणि पात्र पुढे केलं.

उत्पला डबा हातात घेऊन तशीच उभी.

"भन्तेजी… तुमची जागा तिकडे आहे."

"हो का?"

"खास रिकामी ठेवली आहे."

भन्तेजींनी वळून त्या चौकोनाकडे पाहिलं. पांढरी चटई, चार खांब, साखळी, पाटी…

"रिकामी कुठं, उपासिके? ती तर भरली."