डाग दिलेला डबा

बिवलकरकाकूंनी सिनेमाची अस्सल डिस्क विकत आणली, पण घरच्या प्लेयरवर ती काही केल्या लागेना. तक्रार केली तेव्हा कंपनीचे साहेब स्वतः घरी आले आणि ऐटीत म्हणाले, “डिस्क उत्तम आहे. चोरांनी नक्कल करू नये म्हणून तिला कुलूप आहे. तुमचा प्लेयर जुना झालाय, नवा घ्या.”

काकूंनी मान डोलावली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे ठेवला. साहेबांनी घाम निघेपर्यंत जोर लावला, पण झाकण हलेना.

“मुंग्या शिरू नयेत म्हणून झाकण डाग देऊन कायमचं सांधून घेतलंय,” काकू म्हणाल्या. “लाडू उत्तम आहेत. तुमचे हात जुने झालेत, नवे घ्या.”

साहेब ओशाळून हसले. “निदान मुंग्या तरी शिरल्या नसतील.”

काकूंनी डबा उलटा करून बुडाचं भोक दाखवलं. मुंग्यांची रांग लाडवाचे कण घेऊन निघाली होती.

“त्यांचं छान चाललंय, साहेब. उपाशी आहोत ते आपण दोघंच.”