कापशीचा जोडीदार

एका राज्यात राजा रणधवल राज्य करीत असे. झाडावरचं फळ राजाचं, झाडाखालची सावली राजाची आणि त्या सावलीत कुणी डुलकी काढली तर ती डुलकीही राजाचीच, अशी दवंडी त्याने पिटवली होती. अशा माणसाचा हात कुठे थांबत नाही. दिसलं की उचलायचं, एवढंच त्याला ठाऊक.

एकदा तो शिकारीला गेला. मांत्रिकीण तमसा हिच्या वनात दोन पांढरे ससे एकमेकांना टेकून बसले होते. राजाने त्यातली मादी उचलली, घरी आणली आणि आपल्या लेकीच्या, राजकन्या रत्नप्रभेच्या ओंजळीत ठेवली.

"दोन होते," राजा कौतुकाने म्हणाला. "तुझ्यासाठी एक आणला."

राजकन्या हरखून गेली. तिने सशीचं नाव कापशी ठेवलं. दुसऱ्याचं काय झालं, हे तिनेही विचारलं नाही.

ते लवकरच कळलं. भर दरबारात तमसा आली. दारं बंद होती, तरी आली. तिच्या पदरात मेलेला ससा होता.

"हा झुरून मेला," ती म्हणाली. "तिला पाहू दे."

राजकन्येने कापशीला खाली ठेवलं. कापशीने त्याचं नाक हुंगलं, कान चाटले, त्याच्या कुशीत शिरून पाहिलं. तो हलेना. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आयुष्यभर शिकार केलेल्या राजानेही नजर वळवली.

"राजा, तू यांची ताटातूट केलीस," तमसा म्हणाली. "आता तुझ्या वाड्याचा उंबरठा जो ओलांडील, तो परतल्यावर घरच्यांना परका होईल. ही कापशी पुन्हा कुणाच्या कुशीत निर्धास्त झोपेल, तेव्हा शाप सुटेल. एकटी मेली, तर कधीच सुटणार नाही."

एवढं बोलून ती दिसेनाशी झाली.

त्याच दिवशी आचारी विहिरीवर पाण्याला गेला. परतला तो त्याच्याच बायकोने त्याच्यावर लाटणं उगारलं. प्रधान घरी जेवून आले, तर राजाने विचारलं, "हे गृहस्थ कोण?" प्रधानांच्या तोंडचं पाणी पळालं. मग राजा स्वतः देवदर्शनाला गेला. खरं तर त्याने जायला नको होतं, पण आपल्याला कोण विसरणार, असं त्याला वाटलं. परत येऊन तो महालात शिरला आणि राणी चंपावतीने किंकाळी फोडली. पहारेकऱ्यांनी राजाला दंडाला धरून देवडीवर नेऊन बसवलं.

"अरे, मी राजा आहे," तो म्हणाला.

"असू द्या," पहारेकरी म्हणाले. "पण आत जायचं नाही."

इकडे कापशी पाल्याला तोंड लावीना. तिची हाडं हाताला लागू लागली. राजकन्येच्या जिवाचं पाणी झालं. तेव्हा खिडकीवर सातभाई पक्षी येऊन बसले आणि एकामागून एक बोलू लागले.

"तिला जोडीदार हवा."

"तुला आवडेल तो नव्हे. ती निवडील तो."

"मग दोघांना अशा जागी बसव, जी कुणाचीच नाही."

"तिथे जमेल. आधी भांडतील, मग जमेल."

"आणि जमलं की वेगळं करू नकोस."

"घटकाभरही नाही," सहावा म्हणाला. सातव्याने मान हलवली.

"मी बाहेर गेले तर माझी आई मला ओळखेल का?" राजकन्येने विचारलं.

सातभाई गप्प झाले. सातभाई गप्प बसलेले त्या राज्यात आजवर कुणी पाहिले नव्हते.

ती राणीकडे गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

"आज काय लाडात आलीस?" राणी म्हणाली.

"काही नाही. येते मी."

कापशीला पोटाशी धरून तिने उंबरठा ओलांडला.

सात टेकड्यांपलीकडे सशांचं खोरं होतं. तिथे चांदीच्या अंगाचा ससा पुढे आला. कापशी त्याला कडकडून चावली. मग ज्याच्या पावलातून मोती पडतात असा ससा आला. त्याच्यामागे ती अशी धावली की तो मोती तिथेच टाकून पळाला. राजकन्या थक्क झाली. बिचारीला वाटलं होतं, कापशी मऊ स्वभावाची आहे.

जरा पुढे एक भुरकट ससा पाठ करून गवत खात होता. त्याचा एक कान फाटलेला होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. कापशी थोडं अंतर ठेवून बसली आणि तीही गवत खाऊ लागली. जोडीदार गेल्यानंतरचा तो तिचा पहिला घास होता. राजकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला भुऱ्या म्हटलं आणि दोघांना दोन टोपल्यांत घालून घरी आणलं.

देवडीवर राजा बसला होता. त्याने लेकीकडे पाहिलं.

"कोण गं तू?" त्याने विचारलं.

हे होणार, हे तिला माहीत होतं. तरी तिने टोपल्या घट्ट धरल्या. टोपलीतली कापशी पाहून पहारेकऱ्यांनी तिला आत सोडलं.

राणीची नजर आधी टोपलीवर पडली. "ही माझ्या मुलीची कापशी. माझी मुलगी कुठे आहे?"

"आई, मीच रत्नप्रभा."

राणी दोन पावलं मागे सरकली. "मागे एकजण राजा होऊन आला होता. आता तू. पुन्हा असं म्हणालीस तर हाकलून देईन."

हाकललं तर कापशी जाईल, आईही जाईल. राजकन्येने ओठ आवळले. "चुकलं, राणीसाहेब. तुमची मुलगी येईल."

"ती येईपर्यंत हिला तू सांभाळ," राणी म्हणाली आणि तिला दासीचं कोरं लुगडं दिलं.

राजकन्येने दोघा सशांना कापशीच्या खोलीत सोडलं मात्र, कापशीने झेप घेतली. केसांचे पुंजके उडाले. खोली कापशीची होती ना. मग बाग पाहिली, तिथे कापशी आधीच हिंडलेली. शेत राजाचं, नदीकाठ राजाचा. कुणाचीच नाही अशी तळहाताएवढी जागा त्या राज्यात सापडेना. एवढं मोठं राज्य, आणि दोन सशांना बसायला ठिकाण नाही.

दमून ती पायरीवर बसली. येणारेजाणारे तिच्याकडे पाहत नव्हते. ती आता कुणाची लेक नव्हती, कुणाची धनीण नव्हती. अंगावरच्या कोऱ्या लुगड्यालाही कशाचा वास नव्हता. तिला धक्काच बसला. कुणाचंच नाही असं इथे आपणच आहोत, हे तिला कळलं. तिने मांडीवर पदर पसरला आणि दोघांना त्यावर ठेवलं.

कापशी गुरगुरली. भुऱ्याने पाय आपटला. पण भांडायला तिथे कुणाचंच काही नव्हतं. रोज ती त्यांना तसंच मांडीवर घेई. काही दिवसांनी दोघे एकाच पाल्याला दोन टोकांनी तोंड लावू लागले. अजून झोपत मात्र दूर दूर.

एके दिवशी राजकन्या बागेत चारा तोडायला गेली असताना राणीला मुलीची आठवण दाटून आली. तिने कापशीला उचलून आपल्या दालनात नेलं. राणीजवळ जो बसेल त्याच्या कानामागे हिन्याचं अत्तर लावायचं, अशी वाड्याची रीत. राणीने मायेने कापशीच्या कानांमागेही अत्तर लावलं आणि तिला परत भुऱ्याजवळ सोडलं.

भुऱ्याने हुंगलं आणि तो तिच्यावर तुटून पडला.

कापशी ओरडली. ससा सहसा ओरडत नाही. त्या आवाजाने वाड्यातली माणसं जागच्या जागी थिजली. राजकन्या धावत आली. पांढऱ्या कानावर रक्त होतं. राणी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"काल एका पाल्यावर जेवत होते," राणी म्हणाली. "आज तो तिला ओळखत नाही?"

"तो वासाने ओळखतो, राणीसाहेब. तुम्ही तिला त्याच्यापासून नेलंत आणि परका वास लावून आणलंत."

राणी पांढरीफटक पडली. "म्हणजे आमच्या घराला झालंय तेच."

"तेच."

"आता काय करायचं?"

"पहिल्यापासून सुरुवात."

राजकन्येने कापशीचा कान धुतला. राणीचं अत्तर घेऊन भुऱ्याच्या कानामागे लावलं, आपल्या हातांना चोळलं. मग ती जमिनीवर बसली आणि राणीला समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. एकच पदर दोघींच्या मांड्यांवर पसरला. भुऱ्याला तिने आपल्या मांडीवर ठेवलं, कापशीला राणीच्या.

कापशीने मान खाली घातली. आधी त्याने आपल्याला चाटावं, असं तिला वाटत होतं. भुऱ्यानेही मान खाली घातली. दोघेही हट्टी. कुणी पुढे येईना. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. मग भुऱ्या सरकला आणि कापशीचा दुखरा कान चाटू लागला. कापशी त्याच्या कुशीत कलंडली, पाय ताणले, डोळे मिटले.

त्याच क्षणी देवडीवरचे पहारेकरी राजाच्या पाया पडू लागले. आचारी घरच्यांत गेला, प्रधान दरबारात. राजाने दवंडी मागे घेतली आणि जोडीतलं जनावर धरू नये असा हुकूम काढला, पण ते पुढे.

इथे राणीने मान वर केली. समोर दासीच्या लुगड्यात तिची मुलगी बसली होती.

"कधी आलीस?" राणीने कसंबसं विचारलं.

"कापशीबरोबरच."

"मी रोज तुझ्यासाठी रडायचे. तेव्हा माझे डोळे पुसायला यायची, ती..."

"मीच. तू हात झटकून टाकायचीस."

राणीला उठून तिला जवळ घेता येईना. मांडीवर दोघे झोपले होते. तिने मुलीचा तोच हात ओढला, आपल्या डोळ्यांवर ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यांची ओळख पटली, तशी दुरावलेल्या साऱ्यांची पटो.