वादळाची रेघ

एकदा एका बंदरगावी एक वृद्ध हवामानशास्त्रज्ञ होते. लोक त्यांना ओगले मास्तर म्हणत. समुद्रावरच्या वादळांचा माग काढण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या हाताखाली शाल्मली नावाची एक शिष्या शिकत होती. बुद्धीने तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे तिला पुरते ठाऊकही होते! असो, त्या वयात एवढा ताठा शोभून दिसतो.

एके दिवशी समुद्रात चक्रीवादळ उठले. शाल्मलीने वाऱ्यांचा, दाबाचा, पाण्याच्या उष्णतेचा अभ्यास करून नकाशावर एक बारीक तांबडी रेघ ओढली. वादळ इथून जाणार! रेघ बंदराच्या बरीच उत्तरेला होती.

तेवढ्यात कोळीवाड्याचे प्रमुख हरेश्वर तांडेल वेधशाळेत आले. खोल पाण्यात खुंटांना बांधलेली गावाची डोल जाळी अजून तिथेच होती. ती काढून आणायला होड्या तयार होत्या आणि पहिल्या होडीवर तांडेलांचा मुलगा होता. त्यांनी नकाशा पाहिला, रेघेपासून बंदरापर्यंत वितीने अंतर मोजले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. रेघेच्या बाहेर म्हणजे वादळाच्या बाहेर, असा त्यांच्याकडचा सरळ हिशेब.

"चला, आपल्याकडे येत नाय. पोरांना सोडतो."

मास्तर उठले. त्यांनी ओल्या फडक्याने ती सुरेख रेघ पुसून टाकली. मग रंगीत खडू आडवा धरून नकाशावर एक रुंद पट्टा रंगवला. त्या पट्ट्यात उत्तरेची गावे आली, दक्षिणेची आली आणि हे बंदरही आले.

शाल्मलीचा चेहरा उतरला. "सर, माझी रेघ चुकली का?"

"नाही. मीही तिथेच ओढली असती."

"अहो मास्तर, काय खेळ लावलाय?" तांडेल उखडले. "जाळी गेली तर गाव काय खाणार? एक काय ते सांगा. येतंय का नाय?"

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "येऊ शकतं, एवढं नक्की ठाऊक आहे. माझा मुलगा असता तर मी त्याला सोडला नसता."

तांडेल तडक किनाऱ्याकडे निघून गेले. होड्या खाडीत आत ओढून बांधल्या गेल्या.

आणि वादळ? ते बरोबर त्या पुसलेल्या रेघेवरून गेले! बंदरावर थोडा पाऊस पडला, वारा सुटला. होड्या गेल्या असत्या, तर जाळी घेऊन सुखरूप परतल्या असत्या. आता उधाणाने निम्मी जाळी फाटून वाहून गेली होती. शाल्मलीला राहवेना.

"सर, मी बरोबर होते. तुम्ही पुसलीत, आणि गावाचं नुकसान झालं."

मास्तर रागावले नाहीत. "रेघ बरोबर आली, पण ती बरोबर येणार हे तुला आधी ठाऊक होतं का? मनासारखं दान पडलं म्हणून सोंगटी शहाणी होत नाही, पोरी. वादळ म्हणजे काही एस.टी. नव्हे, ठरल्या रस्त्यानेच जायला. आजवर आपण कुठे सांगितलं आणि वादळ खरोखर कुठे गेलं, त्यात जेवढं अंतर पडलं, तेवढी या पट्ट्याची रुंदी. या आपल्या सगळ्यांच्या चुका आहेत, प्रामाणिकपणे रंगवलेल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा पट्टा काढला की निम्मा किनारा झाकला जायचा. आज बघ केवढासा राहिला! किती जणांनी जन्म घालवले त्यासाठी. मला या पट्ट्याचा फार अभिमान आहे. तू रेघ ओढून आमचं अज्ञान लपवलंस, म्हणून पुसली. ते कमी करून दाखव, मी पेढे वाटीन."

शाल्मली मान खाली घालून ऐकत होती. दारात तांडेल उभे होते. ते कधी आले, दोघांनाही कळले नव्हते. आता हे जाळ्यांचे गाऱ्हाणे मांडणार, या धास्तीने ती उभी राहिली.

"काका, जाळ्यांचं फार वाईट वाटतं. पुढच्या वादळाला मी पट्टा बोटभर तरी अरुंद करीन. पण रेघ देणार नाही. तुम्ही रागावलात तरी नाही."

मास्तर चष्मा काढून उगाचच पुसू लागले.

"रागावतो कशाला, बाय?" तांडेल म्हणाले. "जाळी विणायला आमचे हात शाबूत हायत. शेजारच्या बंदरातले काल हसत होते, तुमची वेधशाळा म्हणे 'ठाऊक नाही' सांगते. मी छाती काढून म्हटलं, होय, आमची सांगते! म्हणून तर ती 'ठाऊक आहे' म्हणाली की आम्ही डोळे मिटून ऐकतो."